मागच्या सीटवरचे बेचाळीस किलो

मास्तर कुठल्याही शाळेत शिकवत नव्हते. त्यांचं गाड्यांच्या स्प्रिंगा बदलून देण्याचं वर्कशॉप होतं, आणि नुसता पत्ता विचारायला आत आलेल्या माणसालाही अर्धा तास स्प्रिंगांवर ऐकून घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नसे, म्हणून लोक त्यांना मास्तर म्हणत. नाव चेष्टेने पडलं होतं. मास्तरांना मात्र पहिली आठ वर्षं ते आदराने पडलंय असंच वाटत होतं. खरं काय ते कळलं तोवर दुकानाच्या पाटीवर ते मोठ्या अक्षरांत रंगवून झालं होतं.

त्यांची व्याख्यानं ठरलेली होती आणि त्यांना नंबरही होते. पहिलं, स्प्रिंग म्हणजे काय. तर ती एक सेंटिमीटर दाबायला जितके किलो लागतात तो तिचा आकडा. आकडा मोठा तर स्प्रिंग कडक, लहान तर मऊ. दुसरं, गाडीत कुठे बसलं की किती हादरे लागतात. तिसरं, वळणावर गाडी का झुकते. चौथं, फार मऊ स्प्रिंग घालणारे मूर्ख का असतात. असं करत करत नऊपर्यंत. नववं आजवर कोणी पूर्ण ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्यात काय होतं ते मास्तरही विसरत चालले होते.

त्यांची स्वतःची गाडी ही दुकानाची चालतीबोलती जाहिरात होती. चारही चाकांना पंचेचाळीसच्या स्प्रिंगा. वळणावर ती तसूभरही झुकायची नाही, आणि हौशी गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची. त्याच गाडीत बसून बाजाराला जाऊन आलेल्या मास्तरीणबाईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणायच्या, "हिच्या चाकाखाली काडेपेटीतली काडी आली, तर तिला गूल आहे की नाही तेसुद्धा कळतं." मास्तर हे वाक्य गिऱ्हाइकांना कौतुक म्हणून सांगायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मास्तरांची आई न्हाणीघरात घसरली. पाठीचा एक मणका दबला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण तीन महिने आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, व्यायामाच्या केंद्रात आणायचं. तिथे लांब कठडे असतात, त्यांना धरून दर खेपेला थोडं जास्त चालायचं. "यात खंड पडला तर पायातली ताकद जाईल. आणि ती एकदा गेली की मग पलंग." पुढचं वाक्य त्यांनी मनातच ठेवलं, पण मास्तरांना ते ऐकू आलं. आईचं वय चौऱ्याहत्तर, वजन बेचाळीस किलो, आणि आयुष्यात ती दुपारीसुद्धा कधी आडवी झाली नव्हती.

केंद्र घरापासून अकरा किलोमीटरवर. वाटेत चौदा स्पीडब्रेकर, एक रेल्वेचं फाटक आणि मधला मोठा पट्टा नुसता खडबडीत. पहिल्या सोमवारी मास्तरांनी आईला मागच्या सीटवर उशांमध्ये बसवलं, मास्तरीणबाई शेजारी बसल्या, आणि वरात निघाली. पहिल्याच स्पीडब्रेकरला आरशात आईचे ओठ आत गेलेले दिसले. दुसऱ्याला तिने डोळे मिटले. फाटकावरून जाताना मास्तरांनी स्वतःच डोळे मिटले, जे चालवणाऱ्याने करायचं नसतं.

"कसं वाटतंय, आई?"

"बरं आहे," आई म्हणाली.

ते बरं नव्हतं, हे मास्तरांना कळण्याइतपत अक्कल होती. त्या संध्याकाळी ते वर्कशॉपमध्ये स्वतःच्या गाडीसमोर उभे राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना तिची लाज वाटली. वीस वर्षं गावभरच्या गाड्यांना स्प्रिंगा लावल्या आणि स्वतःची आई दगडांनी भरलेल्या ढकलगाडीतून न्यावी तशी नेली. मग लाजेचं जे त्यांच्या बाबतीत नेहमी व्हायचं तेच झालं. तिचा लगेच उत्साह झाला.

त्यांनी पंचेचाळीसच्या स्प्रिंगा काढल्या आणि दुकानातल्या सगळ्यात मऊ शोधून बसवल्या. नऊच्या. गाडी हाताने दाबली तर पाळण्यासारखी डुलायची. गुरुवारी आई बसली, गाडी निघाली, आणि साध्या रस्त्यावर खरोखरच काही कळेना. मास्तरांची छाती फुगली. पहिल्या स्पीडब्रेकरवर चाकं चढली, उतरली, स्प्रिंगा दबल्या, दबल्या, दबतच गेल्या आणि खालच्या रबरी ठोकळ्यावर जाऊन धाडकन आपटल्या. गाडीच्या अंगातून जो आवाज आला तो ऐकून रस्त्याकडेचा एक कुत्रा उठून उभा राहिला.

स्प्रिंग फार मऊ असली की ती तळाला जाऊन टेकते, आणि मग स्प्रिंग उरतच नाही, नुसता ठोकळा उरतो. हे मास्तरांना माहीत नव्हतं असं नाही. हेच ते चौथं व्याख्यान. त्यात असं करणाऱ्यांना उद्देशून एक खास शब्द होता, आणि तो शब्द त्यांना सगळ्या रस्ताभर स्वतःच्याच आवाजात ऐकू येत राहिला.

"आज कसं होतं?" घरी आल्यावर त्यांनी विचारलं.

"परवापेक्षा बरं," आई म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली.

आता मास्तरांनी कंबर कसली. वही उघडली, पानावर रेघा मारल्या. गाडीचं प्रत्येक चाक वजनकाट्यावर चढवलं. हिशोब असा होता की माणूस चालतो तेव्हा त्याचं अंग सेकंदाला साधारण सव्वा वेळा वरखाली होतं. गाडीही त्याच ठेक्यात हलली तर शरीराला ती ओळखीची वाटते आणि त्रास होत नाही. मागची चाकं किंचित जास्त लवकर हलावीत, म्हणजे पुढून आलेला झोका मागे येऊन तिथल्या तिथे जिरतो. आईला धड चालता येत नाही, तर निदान गाडी तिच्यासाठी चालेल, असा एक विचार मास्तरांच्या मनात आला. तो त्यांना इतका सुंदर वाटला की तो कोणाला तरी सांगावा म्हणून ते घरात गेले. मास्तरीणबाई भाजी चिरत होत्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "हात धुतलेत का?"

गाडीची परीक्षा घ्यायला रोज आईला बसवता येणार नव्हतं. म्हणून मास्तरांनी वाळूचं पोतं भरलं, काट्यावर नेमकं बेचाळीस किलोंचं केलं आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलं. आठवडाभर ते पोत्याला घेऊन त्या अकरा किलोमीटरच्या रस्त्यावर जात-येत होते. फाटकावरच्या माणसाने चौथ्या दिवशी पोत्याला सलाम केला.

मास्तरीणबाई सासूला म्हणाल्या, "आई, तुमच्या जागी त्यांनी वाळूचं पोतं बसवलंय."

"त्याला तरी बरं वाटतंय का, विचार," आई म्हणाली.

मधल्या तीन फेऱ्यांना दहाच्या, मग सोळाच्या स्प्रिंगा लावून झाल्या. मास्तरांच्या हातांची सालटी निघाली, अंगठ्याचं नख काळंनिळं झालं, पाठीला गाडीखालच्या फरशीचा गारठा कायमचा चिकटला. शेवटी आकडा सापडला. पुढे बाराच्या, मागे चौदाच्या. पोत्याला घेऊन फेरी मारली तेव्हा गाडी स्पीडब्रेकरवरून अशी गेली की मास्तरांनी मुद्दाम परत फिरून तो तिथे आहे ना ते पाहिलं. वळणावर ती थोडी झुकायची, पण अदबीने. एखाद्या गिऱ्हाइकाने ही गाडी पाहिली असती तर दुकानाचं नाव गेलं असतं, आणि मास्तरांना त्याचं काहीही वाटलं नसतं. निदान त्यांना स्वतःबद्दल असं वाटलं.

त्या गुरुवारी त्यांनी प्रत्येक स्पीडब्रेकरनंतर आरशात बघून विचारलं, "आता?"

"बरं आहे." "आता?" "बरंय." "आणि आता?" "छान आहे रे."

वहीत एक रकाना होता, 'आईचं मत'. पंचेचाळीससमोर बरं. नऊसमोर परवापेक्षा बरं. बारा-चौदासमोर मास्तरांनी छान असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

घरी येऊन आई पलंगावर बसली. चपला काढून द्यायला मास्तर खाली वाकले तेव्हा ती म्हणाली, "सोमवारपासून मी येणार नाही."

"म्हणजे?"

"नको आता. झाला तेवढा व्यायाम पुरे."

"पण आज तर छान म्हणालीस."

"छानच होतं. तरी नको."

मास्तरांनी समजावलं, विनवलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, शेवटी बारा आणि चौदाचं महत्त्वही सांगायला घेतलं. आईने भिंतीकडे तोंड केलं. मास्तर बाहेर येऊन ओट्याजवळ, मास्तरीणबाईंपाशी उभे राहिले. पंधरा दिवसांत आई अशीच भिंतीकडे तोंड करून पडलेली असेल, आणि महिन्याभरात तिला उठवून बसवावं लागेल, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"तिला नेमकं काय दुखतंय तेच कळत नाही," ते म्हणाले.

"मग विचारा ना."

"दर स्पीडब्रेकरला विचारतोय."

"ते विचारणं नव्हतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "ते तुम्ही मार्क मागत होतात."

सोमवारी मास्तर एकटेच केंद्रात गेले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई उंच, ठणठणीत आणि कामात गुंतलेल्या होत्या; एका आजोबांना कठड्याला धरून चालवता चालवता त्या मास्तरांशी बोलल्या. घरच्या घरी व्यायाम केला तर चालेल का, असं मास्तरांनी विचारलं.

"घरी कठडे आहेत का? नाहीत. शिवाय घरी कोणी करत नाही. दोन आठवडे सुटले की पहिल्यापासून सुरुवात, आणि या वयात पहिल्यापासून सुरुवात होतेच असं नाही. का येत नाहीत त्या?"

"गाडीत त्रास होतो. म्हणजे होत असावा. मी स्प्रिंगा बदलल्या, पुढे बारा, मागे..."

"बसतात कुठे?"

"मागे."

"मागे कशाला? मागे जास्त हादरतं. पुढे बसवा की."

इथे एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे. मास्तरांच्या गाडीला पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारी, सीटच नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांनी ती नटबोल्ट सोडून काढून टाकली होती. अठरा किलो वजन कमी झालं होतं आणि रिकाम्या जागी मोजमापाची यंत्रं ठेवायला एक पत्र्याची फळी बसली होती. चार वर्षं घरातली माणसं मागेच बसत होती, आणि मास्तरांच्या वहीत चारही चाकांची वजनं लिहिताना त्या जागेचा आकडा शून्य असा पडत होता. तो शून्य त्यांनी या महिन्यात निदान तीस वेळा स्वतःच्या हाताने लिहिला होता.

"पुढे सीट नाही," ते म्हणाले.

बाई थांबल्या. आजोबाही थांबले. "सीट नाही म्हणजे?"

"काढली. वजन कमी करायला."

"कोणाचं?" आजोबांनी विचारलं.

मास्तरांना दुसरं व्याख्यान आठवलं. गाडी म्हणजे सीसॉ. टोकाला बसलेलं मूल उडतं, मध्ये बसलेल्याला काही कळत नाही. पुढची सीट असते मध्ये. मागची असते थेट मागच्या चाकांच्या डोक्यावर. हे सांगताना ते फळ्यावर सीसॉचं चित्रही काढायचे, दोन शेंड्यांच्या मुलीसकट. बाईंना हे चित्र न बघताच माहीत होतं. आजोबांनाही बहुतेक माहीत असावं.

दुकानात परत आल्यावर त्यांनी भिंतीवरच्या फळीवरचे रंगाचे डबे बाजूला केले आणि त्यांच्यामागे चार वर्षं पडलेली ती सीट खाली काढली. मास्तरीणबाईंना हाक मारली. त्या आल्या, सीटकडे बघितलं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि सगळं आपोआप समजून हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना टायरवर बसावं लागलं.

"चार वर्षं," त्या म्हणाल्या, "चार वर्षं लोकांना वाटायचं मी भाड्याने गाडी करून येते."

"बोलायचं नाही का मग?"

"पहिल्या वर्षी बोलले होते. तुम्ही मला अठरा किलोंवर व्याख्यान दिलंत."

गाडीतली पत्र्याची फळी काढून दोघांनी मिळून सीट बसवली. शेवटचा बोल्ट आवळून होतो न होतो तोच मास्तरांचा हात वहीकडे गेला. वजन आता मागून पुढे येणार, म्हणजे पुढचं बारा कमी पडणार, तेरा लागेल, कदाचित साडेतेरा. सगळी चाकं पुन्हा काट्यावर चढवायला हवीत, गुरुवारपर्यंत जेमतेम... मास्तरीणबाईंनी त्यांच्या हातातून वही काढून घेतली. "आधी आईंकडे जा," त्या म्हणाल्या.

मास्तर आईकडे गेले तेव्हा त्यांच्याजवळ एकही आकडा नव्हता. ते पलंगाशी खाली बसले. "आई, माझं चुकलं. तुला मी नको तिथे बसवत होतो. चूक इतकी साधी आहे की कोणाला सांगायची सोय नाही."

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. आईने नीट ऐकलं. मग म्हणाली, "ती सीट तू काढलीस तेव्हा मला वाटलं होतं, मोडली असेल."

"व्यायामाला नको येऊस. गुरुवारी नुसती पुढे बसून बघ. कोपऱ्यापर्यंत जाऊ आणि परत येऊ. मग तू म्हणशील तसं."

गुरुवारी आई पुढे बसली. पट्टा लावताना तिने विचारलं की हा इथेच अडकवायचा का, आणि मास्तरांच्या लक्षात आलं की या गाडीत ती चार वर्षांत पहिल्यांदाच काचेतून समोर बघते आहे. ती बघतही होती. दुकानांच्या पाट्या वाचत होती. दुधाच्या गाडीला आधी जाऊ दे म्हणाली. पहिला स्पीडब्रेकर आला तेव्हा तो तिला लांबूनच दिसला, तिने हात सीटच्या कडेला टेकवले, आणि गाडी त्याच्यावरून गेली.

"कसं..." मास्तरांनी सुरुवात केली आणि जीभ चावली.

आईने हात सीटच्या कडेवरून उचलून मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "खरं सांगू का?"

"सांग."

"मागे बसले की तू आरशातून टक लावून बघायचास. मी जरा तोंड वाकडं केलं की संध्याकाळी तू गाडीखाली. म्हणून मग दात आवळून बरं म्हणायचे. दात आवळले की पाठही आवळते, त्यानेच जास्त दुखायचं. आणि बरं म्हटलं तरी तू गाडीखालीच."

"अगं, पण..."

"तुझे हात बघ. महिनाभर तुला जेवताना घास धरता येत नाहीये नीट, दिसतं मला. काय म्हटलं म्हणजे तू त्या गाडीखालून बाहेर येशील तेच कळेना. मग वाटलं, आपण जायचंच बंद करावं."

मास्तरांना रस्ता धूसर दिसायला लागला. "आणि तुझी पाठ?"

"माझ्या पाठीचं वय झालंय," आई म्हणाली. "तुझ्या हातांचं नाही झालं."

मास्तर काहीतरी बोलणार होते. काय बोलणार होते ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही, कारण तेवढ्यात दुसरा स्पीडब्रेकर आला आणि ते ब्रेक मारायला विसरले. गाडी उडाली आणि धप्पकन खाली आली.

"हा दुखला," आई म्हणाली.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली. "किती?"

"बराच. खाली, डाव्या बाजूला. कळ आली एकदम."

पंचेचाळीस, नऊ, दहा, सोळा, बारा, चौदा. एवढ्या सगळ्या आकड्यांसमोरचं हे पहिलं खरं उत्तर होतं. मास्तरांना फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायला त्यांनी हात वर केला, तर त्याला ग्रीस होतं.

"चुकलं माझं. थांब, परत फिरवतो. घरी जाऊ," ते म्हणाले आणि त्यांनी वळायचा दिवा लावला.

"कशाला?" आईने समोरून नजर काढली नाही. "आज गुरुवार ना? सरळ घे, ती बाई वाट बघत असेल. आणि तो पुढे पिवळ्या भिंतीपाशी अजून एक आहे बघ. हळू घे."